काडतुसातली मोकळी जागा

काही वर्षांपूर्वी एका परिषदेच्या निमित्ताने आम्ही अमेरिकेतील ओहायो राज्यात गेलो होतो. तिथे स्थायिक झालेला आमचा एक जुना विद्यार्थी रविवारी सकाळी आम्हाला आपल्या नेमबाजी मंडळात घेऊन गेला. मंडळाच्या भिंतीवर, जिथे आपण ढाली आणि चषक मांडतो त्या जागी, एक फुटके रिव्हॉल्व्हर टांगलेले होते. त्याची वरची पट्टी कमानीसारखी वाकली होती आणि फिरत्या चक्रीतल्या सहा कोठ्यांपैकी तीन कोठ्यांचा वरचा भाग उडून गेला होता.

"सर, हे आमच्याच एका सभासदाचं," तो म्हणाला. "बोटं वाचली हे नशीब. दारू चांगल्या कंपनीची होती, वजनही पुस्तकात दिलेलंच होतं. फक्त एका काडतुसात ती दोनदा पडली."

"मग भरताना ते त्याला दिसलं कसं नाही?"

"दिसण्यासारखं काही नव्हतंच, सर. दोनदा पडूनही नळकांडं अर्ध्याहून जास्त रिकामंच होतं."

हे वाक्य आमच्या मनात घर करून राहिले. पिस्तुलाच्या काडतुसासाठी सुरक्षित दारू कोणती, या प्रश्नाचे निम्मे उत्तर त्यात आहे. उरलेले निम्मे समजून घेण्यासाठी थोडे रसायनशास्त्र, थोडी भूमिती आणि थोडा इतिहास लागतो. या लेखात तेच करू.

काडतूस पुन्हा भरणे म्हणजे काय?

काडतुसाचे चार भाग असतात. पितळेचे नळकांडे, त्याच्या बुडाशी बसवलेली ठिणगी देणारी टोपी, आत दारू आणि तोंडाशी घट्ट बसवलेली गोळी. बार उडाला की टोपीतले मिश्रण आणि दारू जळून जाते, गोळी निघून जाते, पितळ मात्र मागे राहते. काडतुसात सर्वांत महाग भाग बहुधा हाच. म्हणून अमेरिकेत अनेक नेमबाज रिकामी नळकांडी जपून ठेवतात आणि घरच्या बाकावर त्यांत नवी टोपी, नवी दारू आणि नवी गोळी बसवतात. तिथे हा कायदेशीर छंद आहे.

आपल्याकडे तसे नाही. १९५९ च्या शस्त्र कायद्यानुसार परवान्याशिवाय दारूगोळा तयार करता येत नाही. कोल्हापूरच्या राही सरनोबत यांनी २०१८ साली जकार्ता-पालेंबांग येथील आशियाई स्पर्धांत २५ मीटर पिस्तूल प्रकारात सुवर्णपदक मिळवले, ते आपल्या विद्यार्थ्यांना माहीत असेल. त्या प्रकारात ०.२२ इंची काडतूस वापरतात. त्यात ठिणगी देणारे मिश्रण वेगळ्या टोपीत नसून नळकांड्याच्या बुडाच्या कडेतच भरलेले असते, त्यामुळे ते काडतूस पुन्हा भरण्याच्या कामाचेच नाही. तेव्हा या लेखात कोणतीही कृती दिलेली नाही. जे आकडे येतील ते केवळ समजण्यासाठी आहेत.

मग हे आपण का वाचायचे? कारण पृष्ठफळ, घनता, दाब, वस्तुमान आणि आकारमान यांतला फरक, या शाळेत शिकवल्या जाणाऱ्या गोष्टी इथे एका माणसाच्या हाताचा निकाल लावतात. धड्यातल्या संकल्पनेला एवढे मोल असल्याची उदाहरणे फार सापडत नाहीत.

ऊर्जा तेलात जास्त, भीती मात्र दारूची

एक ग्रॅम शेंगदाणा तेल पूर्ण जाळले तर सुमारे ३७ किलोज्यूल उष्णता मिळते. पिस्तुलाच्या एक ग्रॅम दारूतून मिळते साधारण ४ ते ५ किलोज्यूल. म्हणजे ऊर्जेच्या हिशेबाने फोडणीचे तेल दारूच्या सात-आठ पट भारी. तरी तेलाची बाटली आपण निर्धास्तपणे ओट्यावर ठेवतो. असे का?

पहिले कारण प्राणवायूचे. तेलाला जळण्यासाठी हवेतला प्राणवायू लागतो आणि तो जितका पोहोचेल तितकेच ते जळते. आजच्या दारूचा मुख्य घटक नायट्रोसेल्युलोज, म्हणजे नायट्रिक आम्लाची प्रक्रिया केलेला कापूस किंवा लाकडातला तंतू. काही दारूंत नायट्रोग्लिसरीनही मिसळलेले असते. या पदार्थांच्या रेणूतच प्राणवायू बांधलेला असतो. बंद नळकांड्यात, हवा नसतानाही, त्यांचे ज्वलन अडत नाही.

दुसरे कारण वेळेचे. दिव्यातले तेल रात्रभर पुरते. पिस्तुलातली दारू जळून गोळी नळीबाहेर पडेपर्यंतचा सारा खेळ सेकंदाच्या हजाराव्या भागाच्या आसपास आटोपतो. धोका ऊर्जा किती यात नसून ती किती वेळात बाहेर पडते यात आहे.

मात्र हा वेगही दारूच्या अंगचा, ठरलेला गुण नव्हे. हीच दारू उघड्यावर पेटली तर फुरफुर आवाज करत पिवळ्या ज्योतीने जळते, तिचा स्फोट होत नाही. दिवाळीतला भुईनळा आठवा. तोंड मोकळे असेल तोवर तो झाड उडवतो, तोंड बुजले तर तोच फुटतो. कोंडले जाणे आणि जळण्याचा वेग यांचा संबंध आहे. तो पाहण्याआधी दारूचा एक दाणा कसा जळतो ते पाहू.

थराथराने जळणारा दाणा

दारूचा दाणा एकदम सगळा पेटत नाही. तो पृष्ठभागावर पेटतो आणि कांद्याचे पापुद्रे निघावेत तसा थराथराने आत जळत जातो. त्यामुळे एका क्षणी किती वायू तयार होईल हे दोन गोष्टींवर ठरते. उघडा पृष्ठभाग किती आणि ज्योत आत शिरण्याचा वेग किती.

पृष्ठभागाचा हिशेब सोपा आहे. १ सेंटिमीटर बाजूच्या घनाचे पृष्ठफळ ६ चौरस सेंटिमीटर. त्याचे १ मिलिमीटर बाजूचे १००० घन केले तर प्रत्येकाचे पृष्ठफळ ६ चौरस मिलिमीटर, सर्वांचे मिळून ६००० चौरस मिलिमीटर, म्हणजे ६० चौरस सेंटिमीटर. पदार्थ तेवढाच, पण पृष्ठभाग दहापट. शिवाय प्रत्येक तुकड्याची जाडी एकदशांश, त्यामुळे जळून संपायला वेळही एकदशांश. खडीसाखर आणि पिठीसाखर यांच्या विरघळण्यात हाच फरक असतो.

आता आकाराची गंमत पाहा. भरीव गोळा बाहेरून जळत गेला की त्याचा पृष्ठभाग कमी कमी होत जातो, म्हणजे सुरुवातीला वायू जास्त आणि शेवटी कमी. मधोमध एक भोक असलेली लांब नळी घ्या. बाहेरची त्रिज्या ५ मिलिमीटर, भोकाची १ मिलिमीटर. एक मिलिमीटर जळल्यावर बाहेरची त्रिज्या ४ होईल आणि भोकाची २. दोन्हींची बेरीज आधीही ६ होती, आताही ६ आहे. म्हणजे बाहेरचा पृष्ठभाग जेवढा घटला तेवढाच आतला वाढला. भोके सात पाडली तर आतल्या वाढीने बाहेरची घट मागे पडते आणि पृष्ठभाग वाढत जातो. अमेरिकन सैन्यातील अधिकारी टॉमस रॉडमन यांनी १८६० च्या सुमारास अशी भोकांची दारू मोठ्या तोफांसाठी वापरून पाहिली, ती याच हिशेबाने. तोफेची नळी लांब, गोळा जड. त्याला हळू आणि बराच वेळ ढकलणारी दारू हवी.

पिस्तुलाची नळी जेमतेम वीतभर. तिथे सावकाश जळणारी दारू घातली तर गोळी बाहेर पडून जाईल आणि दारू नळीच्या तोंडाशी जळत राहील. म्हणून पिस्तुलाच्या दारूचे दाणे पातळ चकत्यांचे किंवा चेपलेल्या बारीक गोळ्यांचे करतात. जाडी कमी, पृष्ठभाग मोठा, ज्वलन झटपट.

दाबाचे चक्रवाढ व्याज

ज्योत दाण्यात आत शिरण्याचा वेग दाबावर अवलंबून असतो. फ्रेंच रसायनशास्त्रज्ञ पॉल व्हिएय यांनी एकोणिसाव्या शतकाच्या शेवटी हा संबंध सूत्रात मांडला. ज्वलनवेग हा दाबाच्या एका घाताच्या प्रमाणात वाढतो. आजच्या दारूसाठी हा घातांक एकाच्या जवळपास असतो. सोप्या भाषेत, दाब दुप्पट झाला की ज्वलनवेगही जवळजवळ दुप्पट होतो.

याचा परिणाम काय ते पाहा. दारू जळते, वायू होतो, वायूने दाब वाढतो, दाबाने दारू अधिक वेगाने जळते, त्याने आणखी वायू, आणखी दाब. व्याजावर व्याज चढावे तसा हा प्रकार आहे. या वाढीला लगाम घालणारी गोष्ट एकच. गोळी पुढे सरकते, तिच्यामागची जागा वाढते आणि वायूला पसरायला वाव मिळतो. म्हणजे प्रत्येक बारात दोन गोष्टींची शर्यत लागलेली असते. एकीकडे वायूची निर्मिती, दुसरीकडे जागेची वाढ. दोन्हींचा जोर जिथे सारखा होतो तिथे दाब शिखरावर पोहोचतो आणि मग उतरू लागतो.

ही शर्यत कुठल्या पातळीवर चालते? अमेरिकेतील शस्त्र व दारूगोळा उत्पादकांच्या, १९२६ साली स्थापन झालेल्या संस्थेने प्रत्येक काडतुसासाठी दाबाची कमाल मर्यादा ठरवून दिली आहे. ०.३८ स्पेशल या जुन्या रिव्हॉल्व्हरच्या काडतुसाला ती दर चौरस इंचास १७,००० पौंड आहे. ९ मिलिमीटर पिस्तुलाच्या काडतुसाला ३५,००० पौंड. आपल्या घरच्या प्रेशर कुकरची शिटी सुमारे १५ पौंडांना उडते. म्हणजे दोन्हींतले सौम्य काडतूससुद्धा हजार कुकरांच्या वर दाब सोसत असते, आणि त्याला शिटी नाही.

आता त्याच नळकांड्यात दुप्पट दारू पडली तर? पृष्ठभाग सुरुवातीपासूनच दुप्पट. वायू दुप्पट वेगाने होऊ लागतो, त्यामुळे दाब लवकर चढतो, त्यामुळे ज्वलनवेग आणखी वाढतो. गोळीला मात्र जडत्व आहे. तिला जागचे हलायला वेळ लागतोच. जागेची वाढ मागे पडते आणि शर्यत एकतर्फी होते. म्हणून दुप्पट दारू म्हणजे दुप्पट दाब नव्हे, त्याहून कितीतरी जास्त. कारखान्यात शस्त्राची मजबुती तपासताना मर्यादेपेक्षा साधारण तिसरा हिस्सा किंवा थोडा अधिक दाब देऊन पाहतात. दुप्पट भरलेले काडतूस त्या परीक्षेच्या फार पुढे जाते. भिंतीवरचे रिव्हॉल्व्हर असे फुटले होते.

याच कारणाने गोळी नेमून दिलेल्यापेक्षा खोल बसली तरी धोका असतो. दारू तेवढीच, पण सुरुवातीची जागा कमी. लहान नळकांड्याच्या ९ मिलिमीटर काडतुसात थोडीशी खोली वाढली तरी दाब झपाट्याने चढतो. जड गोळीचेही तसेच. ती हलायला उशीर करते.

मोकळी जागा आली कुठून?

आता मूळ प्रश्नाकडे येऊ. नळकांड्यात एवढी रिकामी जागा ठेवतातच कशाला?

ती कोणी मुद्दाम ठेवली नाही, ती इतिहासाने ठेवली. ०.३८ स्पेशल हे काडतूस १८९८ साली अमेरिकेत निघाले ते काळ्या दारूसाठी. सोरा, कोळसा आणि गंधक यांचे हे जुने मिश्रण. ते जळल्यावर वजनाच्या निम्म्याहून कमी भागाचाच वायू होतो, उरलेल्याचे घन क्षार होतात. बार उडाल्यावर जो धूर दिसतो तो या क्षारांचाच. म्हणून ही दारू भरपूर लागे. या काडतुसात ती सुमारे २१ ग्रेन भरत. एक ग्रेन म्हणजे सुमारे ६५ मिलिग्रॅम. आपल्या सोनारांची एक गुंज जवळजवळ दोन ग्रेनांची होते. २१ ग्रेन काळ्या दारूने नळकांडे गोळीपर्यंत गच्च भरत असे. चुकून दुसऱ्यांदा दारू टाकणे शक्यच नव्हते, ती मावलीच नसती. हा सुरक्षेचा उपाय कोणी शोधला नव्हता, तो आपसूक मिळालेला होता.

पण त्याआधीच, १८८४ साली, वर उल्लेख केलेल्या व्हिएय यांनी नायट्रोसेल्युलोजपासून धूर न करणारी दारू तयार केली होती. १८८७ मध्ये आल्फ्रेड नोबेल यांनी नायट्रोसेल्युलोज आणि नायट्रोग्लिसरीन एकत्र करून बॅलिस्टाइट बनवले. १८८९ मध्ये इंग्लंडात कॉर्डाइट आले. या दारूंचा जवळजवळ संपूर्ण वायू होतो आणि ऊर्जाही काळ्या दारूपेक्षा जास्त. साहजिकच ती फार थोडी पुरते. अमेरिकेत १८९८ मध्येच बुल्सआय नावाची झटपट जळणारी दारू पिस्तुलांसाठी बाजारात आली. २१ ग्रेन काळ्या दारूच्या जागी नेमबाजीच्या सौम्य काडतुसाला ती ३ ग्रेनच्या आसपास पुरे होई.

नळकांड्याचा आकार मात्र तोच राहिला, कारण लोकांच्या हातातली रिव्हॉल्व्हरे तीच होती. आता दारू नळकांड्याचा जेमतेम पाचवा भाग व्यापू लागली. दुसऱ्यांदा पडली तरी दोन-पंचमांश. तिसऱ्यांदा पडली तरी वर गोळी बसवायला जागा शिल्लक. शंभरहून अधिक वर्षांपूर्वी नवी दारू आली आणि जुनी, आपसूक मिळालेली सुरक्षा कोणाच्या लक्षातही न येता निघून गेली. रसायनशास्त्र पुढे गेले, भूमिती मागेच राहिली.

मग सुरक्षित दारू कोणती?

यावरून निवडीची पहिली कसोटी निघते. उत्पादकाने त्या काडतुसासाठी आणि त्याच वजनाच्या गोळीसाठी ज्या दारू सुचवल्या असतील, त्यांपैकी जी नेमल्या वजनात नळकांड्याचा निम्म्याहून अधिक भाग व्यापते ती नवख्याने घ्यावी. कारण ती चुकून दोनदा पडली तर नळकांड्यातून बाहेर सांडते. चूक होऊ नये अशी अपेक्षा ठेवण्यापेक्षा, झालेली चूक डोळ्यांना दिसेल अशी व्यवस्था करणे केव्हाही बरे.

ही जागा भरायची कशी? एक वाट म्हणजे किंचित सावकाश जळणारी दारू घेणे. तेवढाच वेग मिळवायला ती जास्त लागते, म्हणून जागाही जास्त व्यापते. दुसरी वाट म्हणजे फुगीर दारू. या शतकाच्या पहिल्या दशकात ऑस्ट्रेलियात बनलेली ट्रेल बॉस ही दारू त्यातली. जुन्या, मोठ्या नळकांड्यांतून सौम्य बार काढणाऱ्यांसाठी ती बनवली होती. तिचे दाणे मधोमध भोक असलेल्या लहान चकत्यांचे, साबुदाणा वड्यापेक्षा मेदू वड्याच्या जातीचे म्हणा हवे तर! भोकांमुळे दाणे एकमेकांत दाटीने बसत नाहीत, थोड्या वजनात बरीच जागा भरते. ती दाबून भरू नका, असे उत्पादक बजावून सांगत असे. का ते आता वाचकच सांगू शकतील. चकती मोडली की नवा पृष्ठभाग उघडा पडतो.

या कसोटीच्या आड एक मोह येतो, तो काटकसरीचा. एक पौंड म्हणजे ७००० ग्रेन. ३ ग्रेनने भरली तर २३३३ काडतुसे होतात, ६ ग्रेनने भरली तर ११६६. झटपट जळणारी दारू जवळजवळ निम्म्या खर्चात काम करते. म्हणून अनुभवी लोक ती वापरतात, आणि भरलेल्या नळकांड्यांची रांग उजेडात धरून प्रत्येकात डोकावून पाहण्याची शिस्तही पाळतात. शिस्त नसताना फक्त काटकसर उचलली की काय होते ते आम्ही भिंतीवर पाहिले.

जास्त सावकाश ते जास्त सुरक्षित, असाही समज करून घेऊ नये. अतिसावकाश दारू कमी प्रमाणात घातली तर ती नीट पेटत नाही. गोळी नळीतच अडकून बसू शकते आणि मागून दुसरा बार काढला तर नळी फुगते किंवा फुटते. काही दारूंच्या बाबतीत उत्पादक स्वतःच सांगतात की दिलेल्या वजनापेक्षा कमी घालू नका. "कमी म्हणजे सुरक्षित" हे औषधाबाबत जसे नेहमी खरे नसते, तसेच इथे.

क्रमांक, नाव आणि माप

दारूंच्या ज्वलनवेगाच्या याद्या प्रसिद्ध होतात. सर्वांत झटपट ती पहिली, सर्वांत सावकाश ती शेवटची. पाचव्या क्रमांकाची दारू संपली म्हणून सहाव्या क्रमांकाची त्याच वजनात भरावी, असे एखाद्याला वाटते. ही चूक समजावण्यासाठी शालांत परीक्षेची गुणवत्ता यादी पुरेशी आहे. पहिल्या आणि दुसऱ्या विद्यार्थ्यात अर्ध्या गुणाचा फरक असेल, दुसऱ्या आणि तिसऱ्यात दहा गुणांचा. क्रमांकावरून क्रम कळतो, अंतर कळत नाही. शिवाय दारूचा वेग दाबाप्रमाणे बदलत असल्याने एका काडतुसातला क्रम दुसऱ्या काडतुसात उलटूही शकतो. म्हणून यादी पाहून वजन ठरवायचे नसते. ते त्या दारूच्या उत्पादकाने प्रत्यक्ष दाब मोजून दिलेल्या तक्त्यातूनच घ्यायचे, आणि तेही कमाल आकड्यापासून नव्हे तर सुरुवातीच्या आकड्यापासून.

नावांचा घोळ आणखी वेगळा. अमेरिकेत ४३५० हाच आकडा तीन नाममुद्रांच्या तीन वेगवेगळ्या रायफल-दारूंवर छापलेला आढळतो. उलट एचपी-३८ आणि डब्ल्यू-२३१ ही दोन नावे एकाच दारूची आहेत. रंगावरून किंवा वासावरून तर दारू मुळीच ओळखता येत नाही. म्हणून बाकावर एका वेळी एकच डबा, आणि दारू नेहमी मूळ डब्यातच, हा नियम. चिठ्ठी नसलेल्या बाटलीतली दारू म्हणजे प्रयोगशाळेतला चिठ्ठी नसलेला द्रव. तिचे करायचे काय? वापरायची नाही, एवढेच.

मापाचेही तसेच. दारू भरण्याची यंत्रे आकारमानाने माप घेतात आणि तक्ते वजनाने दिलेले असतात. दोन्हींना जोडणारी घनता प्रत्येक दारूची निराळी. एक वाटी चुरमुरे आणि एक वाटी शेंगदाणे यांचे वजन सारखे नसते, हे विसरणाऱ्याला काटा आठवण करून देतो. म्हणून यंत्र कितीही चांगले असले तरी अधूनमधून काट्यावर वजन पाहावे लागते.

दारू म्हातारी होते

नायट्रोसेल्युलोज हळूहळू आपोआप विघटित होते आणि त्यातून नायट्रोजनची ऑक्साइडे निघतात. ती ऑक्साइडे पुन्हा विघटनाला गती देतात. इथेही चक्रवाढच, फक्त वर्षांच्या मापात. फ्रान्सच्या तुलाँ बंदरात १२ मार्च १९०७ रोजी येना ही युद्धनौका आणि २५ सप्टेंबर १९११ रोजी लिबर्टे ही युद्धनौका अशाच खराब झालेल्या दारूमुळे स्फोट होऊन नष्ट झाल्या. पहिल्या अपघातात सुमारे १२० आणि दुसऱ्यात सुमारे ३०० माणसे दगावली. पुढे अशी ऑक्साइडे शोषून घेणारे डायफिनिलअमाइनसारखे पदार्थ दारूत मिसळणे सर्वत्र रूढ झाले. पण तेही कालांतराने संपते, आणि उष्णतेत लवकर संपते. डबा उघडल्यावर तांबूस वाफ, आंबट-उग्र दर्प किंवा गंजासारखी पूड दिसली तर ती दारू बाद समजतात.

साठवणीबद्दल एक गोष्ट प्रथम उलटी वाटते. दारूचे डबे मुद्दाम कमकुवत करतात. आग लागलीच तर डबा थोड्याशा दाबाने उघडावा आणि दारू नुसती जळून जावी. जाड लोखंडी पेटीत ठेवली तर तीच पेटी बॉम्ब होईल. भुईनळ्याचे तोंड मोकळे ठेवण्याचाच हा प्रकार.

पुण्याजवळच्या खडकीत १८६९ पासून दारूगोळ्याचा कारखाना आहे आणि पाषाणला उच्च ऊर्जा पदार्थांवर संशोधन करणारी संरक्षण खात्याची प्रयोगशाळा आहे. अशा ठिकाणी दाण्याचा आकार, ज्वलनवेग, साठवणीतले आयुष्य यांची मोजमापे हा रोजचा विषय असतो. ओहायोतल्या गॅरेजमधला बाक आणि ही प्रयोगशाळा यांत अंतर मोठे असले तरी नियम एकच आहेत.

वर्गात काय करता येईल?

दारू किंवा फटाके वर्गात आणण्याचे काहीच कारण नाही. १० ग्रॅम खडीसाखर आणि १० ग्रॅम पिठीसाखर सारख्याच पाण्यात, सारखेच ढवळून विरघळायला किती वेळ लागतो तो मोजावा. मग घनाचे तुकडे करून पृष्ठफळाचा तक्ता मुलांकडून करून घ्यावा. वरच्या वर्गात एक भोक आणि सात भोके असलेल्या नळीचा हिशेब आलेखावर काढता येईल. शेवटी एक प्रश्न विचारावा. एकच चमचा दोनदा पडला तर कळेल अशी वाटी कशी निवडाल? उत्तर मुले स्वतः शोधतात. वाटी एक चमच्याने अर्ध्याहून जास्त भरली पाहिजे.

परत निघताना आम्ही त्या विद्यार्थ्याला विचारले, "एवढं सगळं ठाऊक असताना तुझी कधी चूक झाली नाही?"

तो हसला. "एकदा भरताना फोन वाजला, सर. परत आलो तर कुठपर्यंत भरलं होतं ते आठवेना. पन्नास नळकांडी समोर. सगळी दारू परत डब्यात ओतली आणि पहिल्यापासून सुरुवात केली. बायको म्हणाली, तासभर वाया गेला."

आम्हाला मात्र तो तास मुळीच वाया गेल्यासारखा वाटला नाही. त्या दिवसापासून तो अशीच दारू घेतो, जी दोनदा पडली तर सांडते.